दोन मुठी मीठ

शेवटचं जे आम्ही दोघांनी मिळून केलं ते भांडण. तेही मोबाईल कशाला टेकवायचा यावरून. मी तो पाण्याच्या तांब्याला टेकवला होता, नेहमीसारखा. कौसा म्हणाली, "लोनच्याच्या बरनीला टेकवा. तांब्या हालतोय."

"सबंध हंगाम तांब्याला टेकवला. आता शेवटाला बरनी कामून?"

"सबंध हंगाम मी तेच सांगायलेय."

मग तिनं बशीत चहा ओतून माझ्याकडं सरकवला आणि आम्ही नवराबायको घोंगडीवर शेजारी शेजारी बसलो. फाल्गुनातली पहाट होती, अजून तांबडं फुटलं नव्हतं. पाथर्डीकडच्या आमच्या माळावर त्या वेळी एखादं कुत्रं भुंकतं आणि लांब कुठं तरी पाण्याची मोटर चालू असते, तेवढाच आवाज. आणि आमच्या पुढ्यात, तळहाताएवढ्या काचेत, समुद्रापल्याडची संध्याकाळ. पांढराशुभ्र बर्फ, त्यावर घसरत पळणाऱ्या पोरी, आणि एका टोकाला जाळीच्या तोंडाशी उभी आमची नात रेवा. पायांना गाद्या बांधलेल्या, तोंडाला मुखवटा, हातात रुंद पात्याची काठी.

त्या दिवशी मॅच ऐन रंगात असताना मोबाईल घसरलाच. कौसानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. रेवाच्या पोरी जिंकल्या. कौसानं पदरानं मोबाईलची काच पुसली, पोरीचं तोंड पुसावं तशी. ऊन वर आल्यावर ती सुपात तूर घेऊन भिंतीच्या कडेला निवडायला बसली. मी अंघोळ करून आलो तर तशीच बसलेली. डोकं भिंतीला, सूप मांडीवर, हात तुरीत. मी हाक मारली. दुसऱ्यांदा हाक मारावी लागेल अशी बाई ती कधीच नव्हती.

त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आता दसरा होऊन गेलाय आणि फाट्यावर ट्रॅक्टर लागलेत. ट्रॉलीत पत्रे, हंडे, ज्वारीची पोती, कोंबड्यांचा खुराडा, आणि सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. दरवर्षी या दिवसांत आमचं अर्धं गाव कुलूप लावून ऊसतोडीला जातं. आम्हीही जात होतो, हातपाय चालत होते तोवर. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं पाचट साळायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. एकटं माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. तोडायचंही त्यानंच आणि बांधायचंही त्यानंच.

परवा फाट्यावर आमचा जुना मुकादम भेटला. तोही म्हातारा झालाय. थट्टेनं म्हणाला, "काय आबा, येता का यंदा?"

मी म्हटलं, "अर्धा चालतोय का?"

त्याचं हसू गेलं. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी. मी उगाच बोललो असं मात्र नाही, जे आहे ते आहे.

पण मला रडगाणं लिहायचं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. नातीला मोबाईलवर मेसेज करता करता लिहायची सवय लागली, तेवढीच. मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या म्हातारपणी आम्हाला एक हंगाम मिळाला, बर्फावरचा, आणि तो कौसानं जवळजवळ पुरता पाहिला. असं कोणाला मिळतं?

त्याचं असं आहे. आमचा एकुलता एक मुलगा दिलीप. तो लहान असताना दसरा झाला की आम्ही निघायचो ते गुढीपाडव्याला परत यायचो. कधी प्रवरेच्या काठाला, कोल्हारच्या बाजूला, कधी त्याहून लांब. लेकराला उसाच्या फडात न्यायचं नाही, शाळेतच ठेवायचं, हा हट्ट कौसाचा. दिलीपला माझ्या धाकट्या भावाच्या बायकोकडं, पारूकडं, ठेवून आम्ही जायचो. म्हणजे पोराचा प्रत्येक हिवाळा पारूनं पाहिला, आम्ही नाही. तो खो-खोत पळायचा, शाळेच्या टीममध्ये होता, हे आम्हाला परत आल्यावर कळायचं. पारू सांगायची, "आसा पळतोय भावजी, वाऱ्यावानी." कौसा ऐकून घ्यायची आणि पुन्हा पुन्हा विचारायची, पायात काय घालून पळतो, पडला तर कोण उचलतं. पारू सांगून सांगून दमायची. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते किती विचारलं तरी पुरत नाही.

दिलीप शिकला, इंजिनिअर झाला, कॅनडात गेला. तिथं रेवा झाली, वाढली, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "आबा, मी हॉकीत गोलकीपर झाले. ज्युनिअर लीगमध्ये. बर्फावरची हॉकी." मी म्हटलं, बर्फावर कोण कशाला जाईल? आमच्याकडं बर्फ म्हणजे जत्रेतला गोळा, नाही तर गारपीट. दिलीप म्हणाला, "सगळ्या मॅचा मोबाईलवर दिसतात आबा. दसऱ्याच्या आसपास चालू होतात आणि पाडव्याच्या आधी संपतात." हे ऐकल्यावर कौसा उठून बसली. "म्हंजे ऊस हाय तवर," ती म्हणाली. एवढंच. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. गेले ते सगळे हिवाळे आले असणार, पोराचे.

तिकडची शनिवार-रविवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवार-सोमवारची पहाट. तोडीला जाणाऱ्या माणसाला पहाटे उठायचं शिकवावं लागत नाही. मी दिवा लावायचा, तिनं चूल पेटवायची, मी मोबाईल तांब्याला टेकवायचा, तिनं बरणीचं नाव काढायचं. थंडीचा तिला भारी वैताग. बर्फ नुसता पाहूनच तिला हुडहुडी भरायची, म्हणून वाकळ पांघरून बसायची. वाकळेचं एक टोक दुमडून मोबाईलच्या खाली सारायची. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाली, "असू द्या. तुमचं काय जातंय?"

पहिल्या पहिल्यांदा आम्हाला काही कळायचं नाही. पोरी जिच्यामागं पळतात ती काळी चकती आमच्या डोळ्यांना दिसायचीच नाही. कौसा म्हणाली, "एवढ्या पोरी एका गवरीमागं लागल्यात व्हय? चुलीला घालायला न्हाई वाटतं त्यांच्याकडं." मुखवटा घातलेली, गाद्या बांधलेली रेवा पाहून तिला मोळी आठवली. "कशी आवळून बांधलीय बघा. बांधनारनीचा हात चांगला हाय." एखाद्या पोरीनं आडदांडपणा केला की तिला काचेच्या खोलीत बसवतात, थोडा वेळ. ते पाहून कौसा कासावीस व्हायची. "कोंडली की वो पोरीला. पानी तरी देत्याल का?"

तिला सगळ्यात आवडायचं ते मॅचमधल्या सुट्टीत. सगळ्या पोरी आत गेल्या की एक अवजड गाडी बर्फावर यायची आणि गोल गोल फिरत, पाणी सोडत, सगळं मैदान गुळगुळीत करून जायची. मी त्या वेळी परसाकडं जाऊन यायचो. कौसा हलायची नाही. "सारवत्यात," म्हणायची. जन्मभर दरसाल नव्या फडावर गेल्यावर तिचं पहिलं काम तेच असायचं. उसाच्या वाढ्यांची कोपी मी उभी करायचो, आणि ती आतली ढेकळाची जमीन चोपून सारवायची, आपल्या घरासारखी. चार-दोन महिन्यांनी ती तशीच टाकून यायचं हे माहीत असून. त्या गाडीकडं ती जाणत्या नजरेनं पाहायची. "कोपरा ऱ्हायला त्याचा. पुन्हा येतंय का बघा." गाडी पुन्हा यायची, कोपरा घ्यायची. कौसा मान हलवायची, जणू हिनंच सांगितलं होतं.

आता तिची चूक सांगतो. अशी चूक ज्यांनी बर्फच पाहिला नाही त्यांच्याच हातनं होणार.

मॅच चालू व्हायच्या आधी पोरी रांगेनं उभ्या राहतात, तेव्हा कौसा मीठ-मोहरी-मिरच्यांची मूठ घेऊन मोबाईलवरनं उतरवायची. रेवाची दृष्ट काढायची. ओठातल्या ओठात काही तरी पुटपुटायची आणि मूठ चुलीत टाकायची. मिरच्यांचा ठसका आला तर दृष्ट नव्हती, नाही आला तर लागली होती, हा आमच्या घरचा हिशेब. मग रेवा ज्या टोकाला उभी असेल त्या टोकाला बोट लावून ठेवायची, नजर हलायची नाही. मधली सुट्टी झाली, गाडी सारवून गेली, पोरी परत आल्या, की पुन्हा बोट त्याच टोकाला. आणि सुट्टीनंतर एक मूठ आणखी, कारण नव्यानं बघणारे डोळे वेगळे. त्या टोकाच्या पोरीनं चकती अडवली की ही टाळी द्यायची. "बघा वो, कशी पडली आंगावर! माजी वाघीन!"

बरेच आठवडे असं चाललं. मग एकदा रेवाची टीम सडकून हारली. त्या दिवशी कौसा फोनवर म्हणाली, "हारू दे गं. तू मातर कमाल केलीस. दुसऱ्या डावात तर एक शिरू दिली न्हाईस."

रेवा म्हणाली, "आजी, दुसऱ्या पीरियडमध्ये तर मी चार खाल्ले. तू कुणाला बघत होतीस?"

"तुलाच की. डाव्या अंगाला."

"आजी! आम्ही साइड बदलतो गं सुट्टीनंतर! ती मी नव्हतेच. ती त्यांची गोली!"

मी जे हसायला लागलो ते थांबेना. "म्हंजे इतके दिस तू दुसऱ्याच्या पोरीला वाघीन म्हनत हुतीस? दिष्टबी तिचीच काढलीस! तुज्यामुळंच हारल्या त्या."

"तुमी गप बसा. तुमाला तर चेंडूबी दिसत न्हाई." असं म्हणाली खरी, पण तोंड उतरलं होतं. चुलीकडं तोंड करून बसली. भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "उतरली तर उतरली. तिच्या आजीला कुठं येतंय उतरवायला?" आणि हात झाडून मोकळी झाली.

त्या दिवसापासून दोन मुठी. एक रेवाची, एक पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या पोरीची, ती कोण का असेना. दर आठवड्याला समोरची पोरगी वेगळी. काळी, गोरी, उंच, ठेंगणी, मुखवट्याच्या आत कोण आहे कुणाला ठाऊक. कौसा तिलाही ओवाळल्यासारखी मूठ फिरवायची. मी म्हणायचो, "अगं, मग जिंकायचं कुनी?" ती म्हणायची, "ज्यांना जिंकायचं त्या जिंकत्याल. लागू नगं कुनाला." पारूला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का, दुसऱ्याच्या पोरीची कशाला? मिरच्या काय फुकट येत्यात?" कौसा म्हणाली, "पारे, तू माज्या पोराची काढलीस का न्हाई वरसोवरस? ती कुनाची हुती?" पारूनं पदर डोळ्याला लावला. मी बाहेर जाऊन बैलाला उगाच पाणी दाखवलं.

रेवानंही एक केलं. आजीची पुन्हा फसगत होऊ नये म्हणून ती दर डावाच्या सुरुवातीला काठी वर करून कॅमेऱ्याकडं धरायची. मी इथं आहे, या टोकाला. काठी वर गेली की कौसा म्हणायची, "हां, दिसली." मग बोट तिथं. हे त्यांच्यातलं, कोणी ठरवलं नव्हतं. तिथल्या लोकांना काय वाटत असेल देव जाणे.

संक्रांतीनंतर रेवाचे दिवस बिघडले. चकत्या आत जायला लागल्या. एका मॅचला तिला मधूनच काढून बाकावर बसवलं आणि दुसरी गोली उभी केली. फोन आला तेव्हा पोरगी हुंदके देत होती. "आजी, मी सोडते. मला नाही जमत."

कौसा काही शहाणपणाचं बोलणारी बाई नव्हती. तिनं विचारलं, "तुला ते आमचं कुत्रं दावलं हुतं का, भाकर पळवनारं?"

"दाखवलं होतंस."

"रोज शिरतंय घरात. भाकर घेऊन जातंय. मग म्या काय घर सोडून गेले? जे गेलं ते गेलं. पुढलं येतंय त्याच्याकडं बघ. मागं फिरून जाळीत काय बघतीस? तिथं काय ठेवलंय?"

रेवा रडता रडता हसली. "आजी, तो पक असतो. कुत्रा नाही."

"आसंल. तुमच्यात काय बी म्हनत्याल."

पुढच्या मॅचला मी नीट पाहिलं. चकती आत गेली की रेवा पूर्वी मान वळवून जाळीत पाहायची. आता नाही पाहिलं. कौसाला मी म्हटलं, "ऐकलं तुजं." ती म्हणाली, "ऐकनारच. कुनाची नात हाय?"

अशा कितीतरी पहाटा. थंडीत मोबाईलची काच धुरकट व्हायची. कौसाच्या हातावर फडातल्या थंडीच्या खुणा होत्या, बोटं वाकलेली, पानांनी चिरलेली. ती बोटं त्या काचेवर ठेवून ती बर्फावरच्या पोरीला दाखवायची, तिकडं बघ, तिकडनं येतीय. पोरीला कुठं ऐकू जातंय. तरी सांगायची. मला आता वाटतं, देवानं आमचे हिवाळे उसाला घेतले होते, ते त्यानं उशिरा का होईना परत दिले. पुरते नाही, एक दिला. एक पुष्कळ झाला. मुलाचं पळणं पाहिलं नाही, नातीचं उभं राहणं पाहिलं. पायात काय घातलंय ते पाहिलं. पडली तर कोण उचलतं ते पाहिलं. तिची तीच उठते.

त्या रविवारी माणसं जमली. कोणी तरी म्हणालं, दिलीप निघतोय, तो येईस्तोवर नगरहून बर्फाची पेटी आणू, तीत ठेवू. दिलीपही फोनवर म्हणाला, "आबा, थांबा, मी येतोय." मी नाही म्हटलं. माणसं माझ्याकडं पाहायला लागली, म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून. झालो नव्हतो. सूर्य मावळायच्या आत तिला अग्नी दिला.

संध्याकाळी पारूनं तिच्या घरून पिठलं-भाकरी आणली, कारण आमची चूल पेटवायची नव्हती. कौसाला जिथं ठेवलं होतं तिथं पारूनं पणती लावली आणि शेजारी पाणी भरून तांब्या ठेवला. तेवढ्यात दिलीपचा फोन आला. विमानतळावर निघाला होता. "का नाही थांबलात आबा?" एवढंच विचारलं त्यानं.

मी म्हटलं, "तुज्या आईला बर्फात ठेवायची नव्हती मला. जलमभर गारठली ती. आमच्या फाटक्या कोपीत पाचट पेटवून रात्री काढल्या तिनं. शेवटाला तरी उबेत जाऊ दे म्हनलं."

दिलीप म्हणाला, "बरं केलंत, आबा."

मग रेवानं फोन घेतला. तिकडं सकाळ होती. काचेत दिसली, डोळे सुजलेले. म्हणाली, "आबा, मी आज नाही जाणार. मॅचला."

मला मॅचची आठवणच नव्हती. हंगामातली शेवटची. जिंकल्या तर पुढं, हारल्या तर कारखाना बंद होतो तसा तिथंच त्यांचा पट्टा पडला, हंगाम संपला. आणि दुसऱ्या गोलीचा गुडघा दुखावलेला, हे आम्हाला आधीच्या आठवड्यापासून माहीत होतं. कौसानं त्या गुडघ्याला शेक द्यायला सांगितलं होतं. म्हणजे रेवा उभी राहिली नाही तर त्या जाळीसमोर उभं राहायला कोणी नव्हतं.

पारू मागून म्हणाली, "बरुबर हाय पोरीचं. सुतक हाय. सुतक समुद्रापल्याडबी लागतंय."

"लागू दे," मी म्हटलं. "हातमोजे, गाद्या, मुखवटा. ती शिवतीय कुनाला?"

पारू म्हणाली, "भावजी, लोक काय म्हनतील?"

"तिथले लोक मराठीत काय म्हननार हायत?"

मग मी रेवाला एक सांगितलं. माझा बाप गेला तेव्हा आम्ही फडात होतो. निरोप आला तेव्हा गाडी अर्धी भरली होती. मी कोयता टाकून निघालो. कौसानं माझा हात धरला. म्हणाली, टोळी आपल्यावर थांबलीय, गाडी भरू आणि जाऊ. ती रडत होती आणि मोळ्या बांधत होती. एकही मोळी ढिली बांधली नाही. गाडी भरली, मग आम्ही निघालो.

"तुला उभं ऱ्हाता येत नसंल तर नगं जाऊ," मी म्हटलं. "कुनी तुला बोलनार न्हाई. पन आजीसाठी म्हनून घरी बसत असशील तर तसं करू नगं. आजीसाठी बसायचं नसतंय. तिला ते कळलंच नसतं."

तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो. उठलो म्हणजे डोळे मिटलेच नव्हते. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापत होतं, पारू जाळ सारत होती. मी मोबाईल घेऊन आत गेलो. तांब्या घ्यायला हात पुढं केला तर तो पणतीपाशी, कौसासाठी भरून ठेवलेला. तो हलवता येत नव्हता. मग मी फळीवरून लोणच्याची बरणी काढली, घोंगडीवर ठेवली आणि मोबाईल तिला टेकवला.

बर्फ दिसला. ती गाडी सारवून बाहेर चालली होती. कोपरा राहिलेला नव्हता, मी पाहिला. पोरी यायला लागल्या. या टोकाला जाळी मोकळी, त्या टोकाला जाळी मोकळी. त्यांची गोली आधी आली आणि उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली. डाव्या अंगाची जाळी तशीच. मी बसून राहिलो. मला वाटलं, नाही आली. मग वाटलं, नाही आली तर नाही आली, पोरगी आहे, तिचंही आतडं आहे.

मग दारातून एक गादीवाली पोरगी आली. सावकाश घसरत गेली. जाळीच्या दोन्ही खांबांना काठी लावली. वळली. आणि कॅमेऱ्याकडं, आमच्या घराकडं, काठी वर धरली. धरून ठेवली. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"दिसली," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असणार, कारण पारू दारात येऊन उभी राहिली.

ती मॅच त्या हारल्या. ते नंतरचं.

मी उठून कौसाच्या डब्यांपाशी गेलो. मीठ सापडलं, मिरच्या सापडल्या, मोहरी सापडेना. एवढ्या वर्षांत तो डबा मी कधी उघडला नव्हता. पारू आत आली. मला वाटलं सुतकात हे करू नका म्हणेल. तिनं मागच्या रांगेतला एक डबा काढून माझ्यापुढं धरला. म्हणाली, "दोन मुठी घ्या. अक्का दोन घ्यायची."

पहिली मूठ मी डाव्या टोकावरून फिरवली. कौसा काय पुटपुटायची ते मी कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, "आमच्या रेवाची. आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची." दुसरी उजव्या टोकावरून फिरवली. त्या पोरीचं नाव माहीत नव्हतं. म्हटलं, "हिची, हिच्या आजीच्या वतीनं."

दोन्ही मुठी अंगणात नेऊन हंड्याखालच्या जाळात टाकल्या. मीठ तडतडलं. असा ठसका उठला की अंगणात बसलेली सगळी माणसं खोकायला लागली. काल दुपारपासून सगळे कुजबुजत होते, आता सगळे एकदम मोठ्यानं खोकत होते, शिव्या घालत होते, पदर नाकाला लावत होते. पारू खोकता खोकता म्हणाली, "न्हवती वो, भावजी. कुनालाच न्हवती."

मी आत आलो आणि घोंगडीवर माझ्या जागेवर बसलो. मॅच चालू झाली होती. मोबाईल बरणीला टेकलेला होता तसाच होता. हलला नव्हता.